साखळी पडायच्या आत

घरमालकाचा, म्हणजे मिस्टर पार्जेटरचा, फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे दहा मुलांसाठी बटाटे कुस्करत होते. तो फार गोड बोलला. घर विकायचंय, म्हणाला. तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, उलट तुमच्यासारखी भाडेकरू शोधून सापडायची नाही. पत्र पाठवतो, दोन महिने आहेत तुमच्याकडे. मी म्हटलं, इतकी चांगली आहे तर राहू द्या की. त्यावर तो हसला. मी विनोद केला नव्हता.

अकरा वर्षांतलं ते माझं पाचवं घर. एका घरमालकाला मुलासाठी जागा हवी होती, एकाला भाडं दीडपट करायचं होतं, एकाचा घटस्फोट झाला, एक मेला. प्रत्येक वेळी मी खोकी भरली, भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवली आणि किल्ल्या देताना वर 'थँक्यू' म्हटलं. या वेळी खोकी भरताना मी दोन कप फोडले, आणि ते वयामुळे नव्हतं. अठ्ठावन्न म्हणजे काही म्हातारपण नाही. मला राग आला होता.

म्हणून मी बोट घेतली. आई गेल्यावर वाट्याला आलेले साडेबावीस हजार पौंड बँकेत पडून होते. आमच्या भागात तेवढ्यात घराचा जिनासुद्धा येत नाही, पण लांबीला बेचाळीस फूट आणि रुंदीला सात फुटांना जरा कमी अशी, तीस वर्षांची जुनी लोखंडी कालव्याची बोट आली. तिचं नाव 'डनॉक'. कुंपणात फिरणारा करड्या रंगाचा एक पक्षी असतो, कुणाच्या लक्षातही न येणारा, त्याचं नाव. बोटीचं नाव बदललं की वाईट होतं असं कालव्यावर मानतात, म्हणून ठेवलं. नाहीतरी मला शोभलंच.

"आई, तू पाइपात राहणारेस," माझी मुलगी टॅम्सिन म्हणाली. तिला मी बोटीचे फोटो दाखवत होते.

"पाइपाला खिडक्या नसतात."

"आणि कायमची जागा?"

तिनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. कायमच्या धक्क्याचं भाडं मला झेपणारं नव्हतं, म्हणून मी फिरता परवाना घेतला होता. त्याचा नियम सोपा आहे. एका ठिकाणी चौदा दिवसांच्या वर थांबायचं नाही.

"म्हणजे आता वर्षातून सव्वीस नोटिसा," टॅम्सिन म्हणाली. बोलायला ती माझ्यावर गेलीये. "आमच्याकडे ये ना. ती छोटी खोली आहे."

त्या छोट्या खोलीत इस्त्रीचं टेबल, जावयाची सायकल आणि येत्या एप्रिलमध्ये येणारं बाळ राहणार होतं. मी तिला सांगितलं की मी पाहुणी म्हणून कितीही वेळा येईन. तिथे राहायला लागले की आठवड्याभरात मी चहा कुणाला न विचारता करू की विचारून, याचा विचार करत ओट्यापाशी उभी राहीन, हे मी तिला सांगितलं नाही. तिचं मन चांगलं आहे, म्हणूनच जायचं नव्हतं.

अडचण एकच होती. बोट होती डोंगरावर आणि माझी नोकरी खाली गावात. मधे थॉर्नहोमची दहा लॉक. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच. दगडी कुंडात बोट घालायची, मागचा दरवाजा लावायचा, पुढच्या दरवाजातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं, की बोट नऊ-दहा फूट खाली उतरते. मग पुढचा दरवाजा उघडून बाहेर पडायचं, झडपा पाडायच्या, म्हणजे बंद करायच्या, दरवाजा लावायचा आणि पुढच्या पायरीकडे जायचं. दोघं असली तर मजा असते. एकट्या माणसाला बोटीवर उतरा, शिडी चढा, दोर धरा, पळा, असं दहा वेळा.

आणि जानेवारीच्या त्या रविवारी दुपारी तीन वाजता लॉकना साखळ्या पडणार होत्या. आठव्या आणि नवव्याचे दरवाजे कुजले होते, ते बदलायला दहा आठवडे रस्ता बंद. वर अडकले तर जवळपास नळ नाही, आणि सकाळी साडेसहाला शाळेत पोचवेल अशी बस नाही. मग नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की ती छोटी खोली. शुक्रवारी मी पार्जेटरला किल्ल्या दिल्या. या वेळी थँक्यू म्हटलं नाही. खिळ्यांची भोकंही तशीच ठेवली.

शनिवारी पाच लॉक झाली. पहिल्याला दीड तास लागला, कारण मी झडपेचं सुटं लोखंडी हँडल उलटं फिरवत होते आणि झडप का उचलली जात नाही म्हणून तिला शिव्या देत होते. दुसऱ्यापासून हात बसला. लॉकमध्ये शिरताना मागच्या बाजूला पाण्याखाली दगडी उंबरा असतो. पाणी उतरताना बोटीची शेपटी त्यावर टेकली तर बोट तोंडावर उभी राहून बुडते. म्हणून प्रत्येक वेळी मी बोट पुढे, पार पुढे घ्यायची, आणि 'उंबरा, उंबरा' असं मोठ्यानं म्हणत राहायची. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईनं मला वळसा घातला.

चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या पाण्यात एक हिरवी बोट कायमची उभी होती. तिच्या छपरावर लाकडं, ढकलगाडी आणि गंजलेल्या खुर्च्या होत्या. धुरांड्यातून धूर येत होता. मी संथ गेले. उभ्या बोटीशेजारून जोरात गेलं तर आतल्या माणसाचा चहा सांडतो, एवढं मला माहीत होतं. पाचव्यातून बाहेर पडले तेव्हा चार वाजत आले होते आणि अंधारत होतं. खाली बोट बांधली, शेगडी पेटवली, टोमॅटोचं सूप गरम केलं आणि बूट न काढताच झोपले.

सकाळी आठला कुणीतरी छपरावर काठी आपटली.

बाहेर सत्तरी ओलांडलेला एक माणूस उभा होता. पायजमा गमबुटात खोचलेला, अंगावर तेलकट कोट. हा नॉरिस. हिरवी बोट त्याची.

"बाई, तुमच्याकडे चहाची किटली आहे का?"

"आहे. का?"

"माझी फुटली. मी झोपेतून उठलो तो भिंतीवर. पलंगावर नाही, भिंतीवर. सगळं पाणी गेलंय आणि बोट चिखलात आडवी पडलीये. पाचव्याची खालची झडप रात्रभर उघडी होती. आत्ता पाडून आलो." तो थांबला आणि थुंकला. "काल दुपारी ती भाड्याच्या बोटीतली पोरं गेली ना खाली, डोक्यावर वायकिंगांच्या टोप्या घालून. त्यांचंच काम. मुंड्या मुरगाळल्या पाहिजेत एकेकाच्या."

त्या पोरांनंतर पाचव्यातून मी गेले होते. आदल्या संध्याकाळचं सगळं डोळ्यांपुढे आलं. दोन झडपा. डावी मी पाडली होती. मग बोट वाऱ्यानं आडवी व्हायला लागली म्हणून दोर धरायला पळाले, परत येऊन दरवाजा लावला आणि उजवीकडे पाहिलंसुद्धा नाही. वरचा दरवाजा जुना, त्याच्या फटीतून रात्रभर पाणी पाझरत राहिलं आणि उघड्या झडपेतून निघून गेलं.

मला खोटं बोलता येत नाही असं अजिबात नाही. घरमालकांशी मी अनेकदा बोललेय. 'हो, तीच पोरं असतील' एवढंच म्हणायचं होतं, मग साडेआठला निघाले असते आणि जेवणाच्या वेळेला खाली पोचले असते. पण हा माणूस माझ्या वरच्या पाण्यावर राहत होता. त्याच्याकडचं पाणी सुटलं की माझ्याकडे येतं. तो मला शेजारी होता, आणि इतक्या वर्षांत मला टिकेल असा शेजारी मिळाला नव्हता.

"पोरं नव्हती," मी म्हटलं. "मी होते."

नॉरिसनं काठी खाली टेकली.

"कितवा दिवस तुमचा पाण्यावर?"

"दुसरा."

"वाटलंच," तो म्हणाला. "कोट घाला. पाणी तुम्ही घालवलंय, तुम्हीच आणायचं."

पाणी आणायचं म्हणजे डोंगर चढून पहिल्या लॉकपर्यंत जायचं. वरच्या कालव्यात पाणी भरपूर असतं, ते एकेका लॉकच्या दोन्ही दरवाजांच्या झडपा थोड्या उघडून खाली सोडत यायचं. घाई केली तर वरच्यांच्या बोटी चिखलात बसतात. आम्ही चढलो. तो पुढे, मी मागे. तो काही बोलत नव्हता, पण पाचव्याशी वळून म्हणाला, "डावी पाडली म्हणून उजवी आपोआप पडत नसते. त्या नवरा-बायको नाहीत."

"नवरा-बायको असत्या तरी पडली नसती," मी म्हटलं. त्याच्या घशातून एक आवाज आला. हसला की खोकला, कळलं नाही.

मग त्याची बोट दिसली. कालव्याचा तळ उघडा पडला होता. काळा चिखल, एक सायकल, एक दुकानाची ढकलगाडी, आणि त्यावर ती हिरवी बोट कुशीवर पडलेली. दाराशी पुस्तकं आणि मुरांब्याच्या फुटलेल्या बरण्या झाडून त्यानं ढीग केला होता. माणसाचं घर एका रात्रीत तिरकं करून ठेवायला मला अर्धं मिनिट पुरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती त्याला सांगितलीही.

"लाजेनं पाणी चढत नाही," नॉरिस म्हणाला. "हँडल फिरवा."

दहा वाजले. अकरा वाजले. पाणी येत होतं, पण तव्यावर घावन पसरावं तेवढं पातळ. मी वर-खाली फेऱ्या मारत होते. या झडपेला दोन फेरे जास्त, त्या झडपेला एक कमी. हातमोज्यांतही हाताला फोड आले आणि फुटले. साडेअकराला टॅम्सिनचा फोन आला.

"कुठपर्यंत आलीस?"

"पाचव्यापर्यंत."

"अगं काल रात्रीपण पाचव्यापर्यंतच होतीस."

मी झालेलं सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "आई, तीनपर्यंत नाही व्हायचं ते. मी गाडी घेऊन येते. कपडे भर, उद्या शाळेत मी सोडते तुला. बोट विकू आपण उन्हाळ्यात. कुणी काही म्हणणार नाही."

शेवटचं वाक्य ती माझं मन राखायला बोलली, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं. मी किती ठिकाणांहून कुणी काही न म्हणता निघून गेले होते.

"टॅम्सिन, पुढच्या रविवारी जेवायला ये," मी म्हटलं. "भाजलेलं डुक्कर करते, सफरचंदाची चटणी करते. पण सामान न्यायला येऊ नकोस."

"कुठे येऊ जेवायला?"

"खाली. दहाव्याच्या खाली."

मी फोन ठेवला. मला रडू येत होतं आणि वेळ नव्हता.

बाराला वीस मिनिटं असताना हिरव्या बोटीनं खालून एक मोठा आवाज केला, चिखल सोडला आणि ती हलकेच सरळ झाली. नॉरिस दारात उभा राहून पायाखालची फळी दाबून पाहत होता. मी त्याला माझी किटली आणून दिली. तो नको म्हणाला नाही.

"निघते मी," म्हटलं. "पाच राहिलीत."

"एकट्यानं तीनपर्यंत होणार नाहीत."

"माहितेय."

मी सहाव्यात शिरले, उंबरा उंबरा म्हणत, पाणी उतरवलं, बोट बाहेर काढली आणि दरवाजा लावायला दोर बांधून वर पळत आले, तर दरवाजा लागलेला. नॉरिस दरवाजा ढकलायच्या लांब तुळईवर बसला होता. दोन्ही झडपा खाली.

"तुम्ही कशाला आलात?" मी विचारलं.

"तुमचा भरवसा नाही म्हणून," तो म्हणाला. "मागं राहून झडपा बघणार मी. पुढचं तुमचं तुम्ही करा. मी एक दोरसुद्धा धरणार नाही."

आणि त्यानं खरोखरच धरला नाही. पण मागे परत यायचं वाचलं, आणि लॉक पाऊण तासावर आलं. सातवं झालं. आठव्याच्या दरवाजातून पाण्याच्या पिचकाऱ्या उडत होत्या, सगळं अंग भिजलं. नवव्यात बोट पुढे घेताना माझा पाय शेवाळावरून घसरला. गुडघा असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वरून नॉरिस ओरडला, "बसू नका. बसलात की संपलं." मी बसले नाही. शिडी एका पायानं चढले.

नवव्यातून बाहेर आले तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

दहाव्यावर नारिंगी जाकिटातला एक तरुण उभा होता. साखळी हातात, कुलूप खिशातून काढलेलं. कालव्याच्या दुरुस्तीवाल्यांपैकी. छातीवर कामरान असं नाव होतं.

"बंद झालं बाई," तो म्हणाला. "तीन म्हणजे तीन. मागे जाऊन वरती बांधा."

मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"उद्या इथलं पाणी काढणार ना तुम्ही? नववं कोरडं करायला?"

"हो. सकाळी सातला."

"मग काढा. बोट इथेच आहे. मी उद्या सहाला कामावर जाणार. दोनशे दहा मुलं जेवायची आहेत. बोटीचं काय करायचं ते तुम्ही सगळे मिळून ठरवा."

"असं नाही करता येत."

"मला अकरा वर्षं लोक सांगतायत इथून हल," मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मी दर वेळी हलले. आज नाही हलत मागे. पुढे जायला सांगा, आत्ता जाते."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे. पँटमधून रक्त आलं होतं. मग त्यानं वर पाहिलं. नॉरिस हात मागे बांधून नवव्याच्या तुळईशी उभा होता.

"त्या बाईनं सकाळी माझी बोट आडवी केली," नॉरिस ओरडला. "तिला खाली जाऊ दे. मला ती वर नकोय."

कामरान हसला. त्यानं साखळी गवतावर टाकली आणि पट्ट्यातून स्वतःचं हँडल काढलं. "डावीकडची तुमची," तो म्हणाला. "उजवीकडची मी बघतो."

दहावं बारा मिनिटांत झालं. दोघं असली की मजा असते हे खरं निघालं. बोट खालच्या पाण्यात आली. समोर गावाची छपरं होती, नळ होता, आणि चिंचोळ्या वाटेच्या टोकाला माझी शाळा. मागे साखळीचा खळखळाट झाला आणि कुलूप लागलं. मी बोट बांधत होते तोवर कामरान उतरून आला. चेहरा पडलेला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "मघाशीच सांगायला हवं होतं. खाली दोन मैलांवर बोटींना वाट द्यायला बाजूला फिरणारा पूल आहे ना, त्याच्या यंत्राचा दांडा तुटलाय शुक्रवारी. तोही बंद. वर आम्ही, खाली तो. तुम्ही मधे अडकलात."

"किती दिवस?"

"मार्चचा मध्य. त्याच्या आत नाही."

"आणि माझे चौदा दिवस?"

"ते सध्या नाहीत. दोन्हीकडे रस्ताच बंद आहे म्हटल्यावर जाणार कुठे तुम्ही? तशी नोंद करून देतो मी. इथून तुम्हाला कुणी हलवू शकत नाही." त्यानं मान खाली घातली. "सॉरी. फार वाईट वाटतं मला."

मी बोटीच्या छपराला धरून उभी होते, ती खाली काठावर बसले. सकाळपासून थोपवलेलं सगळं आलं, नाक, डोळे, सगळं. तो बिचारा घाबरला. मार्च काही फार लांब नाही, म्हणाला. पुन्हा सॉरी म्हणाला.

"परत सांग," मी म्हटलं. "ते कुणी हलवू शकत नाही म्हणालास ना, तेवढं परत सांग."